रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतले कपाट कोण उघडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या रुग्णालयांना तपासण्यांची वाण नाही. अग्निसुरक्षेचा ‘ब’ नमुना (यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र) जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत पाठवायचा असतो. शुश्रूषागृहाची नोंदणी महापालिकेकडे दर ३ वर्षांनी नव्याने होते, आणि ज्यांनी एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) मानांकन घेतले आहे त्यांच्याकडे त्यांचे परीक्षकही येतात. इतकी माणसे येऊन जातात, पण पॅथॉलॉजीच्या खोलीत बेसिनखालचे कपाट उघडून नायट्रिक अ‍ॅसिडच्या शेजारी काय ठेवले आहे हे पाहणे यांपैकी कुणाच्याही कामात नीट बसत नाही. अग्निसुरक्षावाले सिलिंडरवरची तारीख आणि होजचा दाब बघतात. कचऱ्याचे अधिकारी पिवळ्या-लाल पिशव्या बघतात. मानांकनाचे परीक्षक सुरक्षा पुस्तिका मागतात, पण त्यांचा मुख्य रोख रुग्णाचा रिपोर्ट बरोबर निघतो का यावर असतो, आणि ते मानांकन मुळात ऐच्छिक आहे.

भोसरीतल्या रंगाच्या कारखान्यात झायलीन या ज्वलनशील सॉल्व्हंटचे पिंप असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी तिथे जाऊ शकतो. जुन्या कारखाने अधिनियमाच्या (१९४८) दुसऱ्या अनुसूचीत झायलीन आणि फॉर्मल्डिहाइड या दोघांच्याही हवेतल्या कमाल पातळ्या दिलेल्या होत्या. तेच झायलीन कर्वे रस्त्यावरच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत पोचले की कायदा बदलतो, कारण प्रयोगशाळा हा कारखाना नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत ‘आस्थापना’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे खरी, पण तीही १० किंवा अधिक कामगारांच्या जागेपासून सुरू होते. एक पॅथॉलॉजिस्ट, चार तंत्रज्ञ, एक मामा आणि एक मावशी अशी प्रयोगशाळा त्या आकड्याच्या खालीच राहते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि शुश्रूषागृहांचा १९४९ चा कायदा खाटा असलेल्या जागांचा आहे. स्वतंत्र प्रयोगशाळा दोन्हींच्या फटीतून निसटते.

रासायनिक धोक्याची तपासणी करायला फार वेळ लागत नाही. मध्यम प्रयोगशाळेत जाणत्या माणसाला तासभर पुरतो. मात्र तो तास फायलींत न घालवता हवा, मोरी आणि कपाट या तीन ठिकाणी घालवावा लागतो.

हवेपासून सुरुवात करू. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा ज्यात बुडवून ठेवतात ते फॉर्मेलिन कॅनमधून येते तेव्हा ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते. त्यातले १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम असे मिसळले की रोजच्या वापरातले ‘१० टक्के बफर्ड फॉर्मेलिन’ होते. म्हणजे प्रत्यक्षात फॉर्मल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपास. तुकड्याच्या निदान दहापट तरी ते घ्यावे लागते, त्यामुळे दिवसाला काही लिटर सहज लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात ८ तासांची सरासरी ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग) आणि कोणत्याही १५ मिनिटांची २ पीपीएम अशी कमाल मर्यादा आहे. तिथल्याच निऑश या संशोधन संस्थेचा सल्ला १५ मिनिटांना ०.१ पीपीएम इतका कडक आहे.

बहुतेकांच्या नाकाला हा वास १ पीपीएमच्या आतच कळतो. तेव्हा दारातून आत येताच डोळे चुरचुरले तर यंत्र येण्याआधीच बरेच कळलेले असते. पण नाक लवकर सरावते. ‘आम्हाला काही होत नाही, सवय झाली’ हे रोज तिथे बसणाऱ्याचे म्हणणे म्हणून पुराव्यात धरू नये. बाहेरून आलेल्याचे नाक आणि तेही पहिल्या मिनिटाचे, तेवढेच उपयोगाचे.

मोजणी करायची तर केव्हा करायची हा खरा प्रश्न आहे. वायू दिवसभर सारखा नसतो. कॅनमधून तीव्र फॉर्मेलिन ओतून पातळ करताना, गर्भाशय किंवा आतड्याचा मोठा नमुना कापायला घेताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे रिपोर्ट गेल्यावर साठलेले जुने डबे एकदम रिकामे करताना तो चढतो. हे रिकामे करण्याचे काम बहुतेक ठिकाणी मामा करतात, शनिवारी दुपारी, डॉक्टर निघून गेल्यावर. तपासणी मात्र मंगळवारी सकाळी अकराला, खोली पुसून घेतल्यावर होते. मोजणीचा बिल्ला कॉलरला लावायचा तो मामांच्या, आणि त्या दिवशी. हे बिल्ले वाफ शोषून घेतात आणि नंतर रासायनिक विश्लेषणाने आकडा देतात. ८ तासांचा एक आणि १५ मिनिटांचा एक असे दोन लावावेत. हातात धरायची स्वस्त इलेक्ट्रॉनिक मीटरेही बाजारात आहेत, पण त्यांतला सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही फसतो. अल्कोहोल लागणारा टिश्यू प्रोसेसर आणि स्टेनिंगचे (नमुन्याला रंग देण्याचे) डबे त्याच खोलीत असतील तर त्या आकड्यावर भांडू नये, इकडूनही नाही आणि तिकडूनही.

वायुवीजन हा विषय आपल्याकडे ‘एक्झॉस्ट फॅन आहे’ या तीन शब्दांत संपवतात. फॅन छताजवळ असतो, आणि कापणीच्या टेबलावरून उठणारी वाफ आधी तंत्रज्ञाच्या नाकासमोरून वर जाऊन मग फॅनपर्यंत पोचते. ओढ चेहऱ्यापासून दूर, टेबलाच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला हवी. झायलीनची वाफ तर हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड. ती फरशीवर पसरते, छताचा फॅन तिला बोलावूनही येत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत देतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. गारवा राहावा म्हणून दार-खिडकी बंद आणि फटींना पट्ट्या लावल्या की एक्झॉस्टला ओढायला हवाच मिळत नाही. पाती फिरतात, आवाज येतो, काम शून्य. जितकी हवा बाहेर काढायची तितकी आत यायला जाळीची वाट ठेवावी लागते. ती आणि बाहेर फेकण्याचे तोंड एकमेकांजवळ नकोत. डक्टमध्ये फेकलेली वाफ वॉर्डाच्या खिडकीपाशी बाहेर पडते का, हे गच्चीवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

कापणीचे टेबल किंवा फ्यूम हूड (वाफ ओढून बाहेर टाकणारे काचेचे कपाट) खरेच ओढते का, हे टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्टीने कळते. पुढच्या कडेला पट्टी धरावी. ती आत झुकली पाहिजे, कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाहेर झुकली किंवा मध्येच सरळ लटकली तर तिथे काम करणाऱ्याच्या तोंडावर वाफ येते आहे. (काही जण यासाठी उदबत्ती लावतात. झायलीनच्या खोलीत उदबत्ती! तसे करू नये.) आकडा हवा असेल तर ॲनिमोमीटरने मोजावे: हूडची काच कामाच्या उंचीवर, साधारण ४५ सेंटिमीटर, उघडी ठेवून तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला ८० ते १२० फूट असावा. बऱ्याच ठिकाणी हूड ही रिकामी खोकी ठेवायची जागा झालेली असते. मागची फट खोक्यांनी बुजली की मोटर कितीही चांगली असो, ओढ मरते.

याहून मोठा घोटाळा जंतूंसोबत काम करायच्या बायोसेफ्टी कॅबिनेटचा. करोनानंतर ती अनेक प्रयोगशाळांत आली, आणि काच, पंखा, निळा दिवा पाहून ‘हे सगळ्यापासून वाचवते’ असा समज झाला. नेहमीच्या ए-२ प्रकारात सुमारे ७० टक्के हवा आतल्या आत फिरते. तिचे हेपा फिल्टर जंतू आणि कण अडवतात, वायू आणि वाफ अडवत नाहीत. तिच्यात फॉर्मेलिन ओतले तर ते खोलीत परत येते. झायलीन किंवा ॲसिटोन वापरले तर आत वाफ साठून मोटरच्या ठिणगीने पेटू शकते. लॅमिनार फ्लो बेंच तर हवा सरळ बसलेल्याच्या तोंडावर फेकतो. कार्बन फिल्टरची बिनडक्टची हूडे मिळतात, पण साधा कार्बन फॉर्मल्डिहाइड नीट धरत नाही. त्यासाठी परमँगनेट लावलेला खास भराव लागतो आणि तोही संपतो. संपल्यावर दिवा लागत नाही, म्हणून बदलल्याची तारीख यंत्रावरच लिहिलेली हवी. एन-९५ मास्कलाही वाफेपुढे काही चालत नाही; लागतो तो फॉर्मल्डिहाइडसाठीचा कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क, आणि तो सांडल्यावर वापरायचा. रोज मास्क लावल्याशिवाय काम होत नसेल तर दोष खोलीत आहे.

आता मोरी. आमच्या मते सर्वांत धोक्याची जागा हीच, आणि कोणत्याही तपासणी-नमुन्यात तिचा उल्लेख नसतो. कारण साधे आहे. प्रयोगशाळेत जे काही उरते ते शेवटी ‘हायपो’त, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये जाते. जंतू मारायला १ ते २ टक्क्यांचे द्रावण योग्यच. पण सवय अशी लागते की कशावरही हायपो ओतायचे. ते कशाकशाशी भांडते याची यादी मोरीच्या वर भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत हवी.

२४ तासांच्या लघवीचा डबा घ्या. काही हार्मोनच्या तपासण्यांसाठी त्यात आधीच १० मिलीच्या आसपास ६ नॉर्मल इतके तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलेले असते. तपासणी झाली की मावशी तो डबा ‘निर्जंतुक’ करायला हायपो ओततात. अ‍ॅसिड आणि हायपो म्हणजे क्लोरीन वायू, तोही बेसिनवर वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी. (हाच डबा रुग्णाच्या घरीही जातो. आत अ‍ॅसिड आहे, डब्यात थेट लघवी करू नका, मुलांपासून दूर ठेवा, हे डब्यावर लिहिलेले असायलाच हवे.) अ‍ॅसिड नसले तरी भरपूर लघवीत हायपो ओतल्यास क्लोरामिनच्या वाफा निघतात. सांडलेल्या फॉर्मेलिनवर हायपो ओतले तर द्रावण तापते आणि घसा धरणाऱ्या वाफा उठतात. आरएनए वेगळे करायच्या बऱ्याच किटांतल्या, पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडीन थायोसायनेट असते. त्यावर हायपो पडले तर निघणाऱ्या विषारी वायूंत हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. आरटी-पीसीआरची यंत्रे शहरभर पसरली, त्यांच्याबरोबर ही सूचना तितकी पसरली नाही. त्या कचऱ्याला हायपो लावायचेच नाही. वेगळ्या झाकणबंद कॅनमध्ये भरून रासायनिक कचऱ्यात द्यायचे.

हिमोग्लोबिनसाठी अजून काही ठिकाणी ड्रॅबकिनचे द्रावण वापरतात. त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम पोटॅशियम सायनाइड असते. तयार द्रावणातले प्रमाण कमी आहे, पण ते आणि अ‍ॅसिड एकाच बेसिनमध्ये कधीही नको, आणि सायनाइडची मूळ पूड ठेवणाऱ्या प्रयोगशाळेने ती का ठेवली हेच आधी विचारावे. सायनाइड नसलेली अभिकर्मके (रिएजंट) आज सहज मिळतात. सोडियम अझाइड हा आणखी एक गुपचूप पाहुणा. अनेक अभिकर्मकांत तो परिरक्षक म्हणून ०.१ टक्का किंवा कमी असतो. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळीत तो वर्षानुवर्षे थोडा थोडा जात राहिला तर धातूचे अझाइड साचते, आणि ते धक्क्याने फुटते. पेठांतल्या जुन्या इमारतींत प्रयोगशाळा असेल तर प्लंबरने मोरीखालचा ट्रॅप उघडण्याआधी ही माहिती त्याला द्यायला हवी. प्लॅस्टिकच्या नळीत हा धोका नाही, अझाइडवर अ‍ॅसिड ओतण्याचा मात्र तिथेही आहे.

मोरीचे पाणी पुढे कुठे जाते हे पुणेकरांना सांगायला नको. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ मध्ये टाकाऊ फॉर्मेलिनचे नाव घेऊन ते रासायनिक द्रव कचऱ्यात धरले आहे. इतर सांडपाण्यात मिसळण्याआधी त्यावर प्रक्रिया बंधनकारक आहे. ‘भरपूर पाणी सोडून ओततो’ ही प्रक्रिया नव्हे. तपासणाऱ्याने महिन्याला किती फॉर्मेलिन आणि झायलीन विकत घेतले त्याची बिले आणि किती कचरा म्हणून दिले त्याची पावती शेजारी ठेवावी. थोडे बाष्पीभवनात जाते, थोडे ऊतीबरोबर जाते. पण ४० लिटर आले आणि शून्य लिटर गेले, तर ते मुळा-मुठेत गेले. हा हिशेब घालायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

कपाटाकडे वळू. बहुतेक ठिकाणी बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावतात, कारण शोधायला सोपे. त्यामुळे ॲसिटिक अ‍ॅसिड आणि ॲसिटोन शेजारी येतात, ते एक वेळ चालेल. पण ‘अ‍ॅसिडचा खण’ केला की ग्लेशियल ॲसिटिक आणि नायट्रिक एकत्र बसतात, ते चालत नाही. ग्लेशियल ॲसिटिक स्वतः ज्वलनशील आहे, त्याचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो) ४० अंशांच्या आसपास. नायट्रिक जोरदार ऑक्सिडीकारक. एकाची बाटली तडकली की दोघे मिळून आग लावतात. ॲसिटिकची जागा स्पिरिट-ॲसिटोनच्या खणात. नायट्रिक एकटे, सर्वांत खाली, प्लॅस्टिकच्या खोल ट्रेमध्ये. हायपो अ‍ॅसिडपासून दुसऱ्या कपाटात. डोळ्यांच्या पातळीवर कोणतेही संक्षारक द्रव नको, कारण वर हात करून काढताना थेंब चेहऱ्यावर येतो.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. व्यापारी झायलीनचा ज्वलनबिंदू २५ ते ३० अंशांच्या आसपास आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि रात्री एसी बंद असतो. म्हणजे थंड देशात ‘सामान्य तापमानाला जेमतेम ज्वलनशील’ असलेले द्रव आपल्याकडे उन्हाळ्यात पेटण्याइतकी वाफ देऊ शकते. मिथेनॉल ११ अंश, आयसोप्रोपिल अल्कोहोल १२, ॲसिटोन तर उणे २०, ते बारमाही. तरी झायलीनची पाच लिटरची काचेची बाटली वॅक्स बाथच्या (मेण वितळवायच्या तापत्या भांड्याच्या) शेजारी, आणि तिच्याखाली स्टॅबिलायझर, हे दृश्य विरळ नाही. बेंचवर दिवसापुरते अर्धा लिटर, बाकी पत्र्याच्या बंद कपाटात, एवढे पुरते. घरगुती फ्रिजमध्ये ॲसिटोन ठेवू नये: थर्मोस्टॅट आणि दिव्याची ठिणगी आतच उडते. क्षयाचे जंतू पाहण्यासाठीच्या झेड-एन स्टेनिंगला स्पिरिटचा दिवा लागतो; तो पेटता असताना त्यात स्पिरिट भरल्याने भडका उडतो, आणि मिथेनॉलची ज्योत उजेडात धड दिसत नाही. दिवा विझवून, गार करून, मगच भरावा.

पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली वेगळी पाहावी. ऊती टिकवायच्या बुईनच्या द्रावणासाठी किंवा क्रिएटिनिन मोजण्याच्या याफे पद्धतीसाठी ती कधीतरी आणलेली असते आणि मागच्या रांगेत विसरलेली असते. ते निदान ३० टक्के पाण्याने ओले ठेवायचे असते. वाळले तर स्फोटक. झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर झाकण फिरवून पाहू नये, बाटली हलवू नये, खोली बंद करून जाणकाराला बोलवावे. आतली पूड ओली दिसत असेल आणि झाकण स्वच्छ असेल तर दर सहा महिन्यांनी पाणी घालून तारीख लिहावी. सर्वांत बरे म्हणजे ठेवूच नये. क्रिएटिनिनला एन्झाइमची पद्धत आहे, थोडी महाग.

बदल करण्याजोगे आणखी बरेच आहे. हाड मऊ करायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरायचे असेल तर नमुना फॉर्मेलिनमधून काढून वाहत्या पाण्यात नीट धुतल्याशिवाय त्यात टाकू नये, कारण दोघांच्या वाफांतून बिस-क्लोरोमिथाइल ईथर तयार होऊ शकते, आणि ते फॉर्मेलिनपेक्षाही वाईट कर्करोगकारक. फॉर्मिक अ‍ॅसिड किंवा ईडीटीए वापरले तर हा प्रश्न उरत नाही. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन या रंगात पाऱ्याच्या मर्क्युरिक ऑक्साइडऐवजी सोडियम आयोडेट चालते. फॉर्मेलिन आधीच भरलेले छोटे डबे घेतले तर तीव्र कॅन ओतायचे काम बंद होते.

टाकाऊ सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये नायट्रिकचा अंशही जाता कामा नये; अल्कोहोलबरोबर ते तासाभराने वायू सोडू लागते आणि घट्ट बुचाचा कॅन फुटतो. कॅन तीन-चतुर्थांशाच्या वर भरू नये. आणि पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही रसायन भरणे हा एवढ्या एका कारणाने प्रयोगशाळा त्या दिवशी बंद ठेवण्याचा गुन्हा मानावा, मग वर लेबल असो वा नसो. फॉर्मेलिन पाण्यासारखेच दिसते.

हातमोजे आणि डोळे धुण्याची सोय यांवर थोडक्यात. लेटेक्सचे मोजे झायलीनपुढे मिनिटभरही टिकत नाहीत. फॉर्मेलिनला नायट्राइल चांगला. झायलीन-ॲसिटोनला तो फक्त शिंतोड्यापुरता, उडाले की लगेच बदलायचा. आयवॉश दहा सेकंदांत गाठता यावा, मध्ये दार किंवा पायरी नको, आणि दोन्ही डोळ्यांना सलग १५ मिनिटे धार मिळावी. आपल्याकडे तो भिंतीवर असतो, वर ‘आयवॉश’ अशी पाटी असते, आणि नळ फिरवला की गंजाचे तांबडे पाणी येते, कारण दर आठवड्याला सोडून पाहायचे असते हे कुणाच्या कामाच्या यादीत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी हात भाजण्याइतके तापते. डोळ्यासाठी ते १६ ते ३८ अंशांत हवे. टाकीला सावली किंवा नळीला वेगळी जोडणी द्यावी. फिनॉलबद्दल एक सूचना: कार्बोल फुक्सिन या रंगात ५ टक्के फिनॉल असते, त्याने त्वचा बधिर होते, म्हणून भाजले तरी दुखत नाही आणि माणूस धुवायला उशीर करतो.

मागणी कुणाकडे, तर तिघांकडे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने शुश्रूषागृह नोंदणीच्या तपासणीत प्रयोगशाळेच्या रसायनांचे एक पान जोडावे: टिश्यू पट्टीची चाचणी, कपाटातली मांडणी, मोरीवरची यादी, खरेदी आणि कचरा यांचा हिशेब, आयवॉशची धार. पाचही गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या आहेत, कागदावर मागायच्या नाहीत. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे हवेतले वायू मोजणारी माणसे आहेत. त्यांनी शहरातले मोठे सरकारी आणि खासगी हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींच्या तपासणीचे) विभाग वर्षातून एकदा, जुने नमुने टाकण्याच्या दिवशी, मोजून द्यावेत. आणि राज्य सरकारने स्वतंत्र प्रयोगशाळांसाठी कायदा करताना त्यात अहवालावर सही कुणाची याबरोबर हवा कुणाची, हेही लिहावे. कचरा नियमांत रुजू होताना आणि मग दरवर्षी आरोग्य तपासणी सांगितलेली आहे. ती हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीपाशी न थांबता फॉर्मेलिनजवळ काम करणाऱ्यांची फुप्फुसांची क्षमता आणि त्वचा इथपर्यंत गेली पाहिजे; आणि ती कंत्राटदाराच्या मामा-मावश्यांनाही मिळाली पाहिजे, कारण सगळ्यात तीव्र वाफ तेच घेतात.

शेवटी वाचकांसाठी. लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर नमुन्याचा डबा नातेवाइकांच्या हातात देऊन ‘अमक्या लॅबमध्ये नेऊन द्या’ असे सांगतात. डबा आट्यांच्या झाकणाचा असावा, दाबून बसवायच्या झाकणाचा नको. तो बंद पिशवीत, पिशवीत टिपायला कागद किंवा कापूस, आणि वर रुग्णाचे नाव व ‘फॉर्मेलिन, विषारी’ असे लिहून मागावे. स्कूटरच्या डिकीत आडवा टाकू नये, रिक्षात मांडीवर धरू नये, घरी नेऊन फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. कमी पडले म्हणून पाणी घालू नये, उघडून पाहू नये. गाडीत सांडले तर काचा खाली करून आधी सगळ्यांनी उतरावे, अंगावर आले असेल ते कपडे काढून कातडी भरपूर पाण्याने धुवावी, आणि डोळ्यात गेले असेल तर जवळच्या नळाखाली १५ मिनिटे डोळा धरून मगच दवाखाना शोधावा. नमुना वाया गेला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. डब्यात उरलेला तुकडा ओला राहिला असेल तर तो बऱ्याचदा अजून कामाचा असतो.

आपले,
प्रयोगशाळा सुरक्षेचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे